घरचा छायाचित्रसंग्रह आणि मोबाईलचा पडदा : एक अभ्यास

प्रास्ताविक

इतिहासाच्या अभ्यासात साधनांचे महत्त्व सर्वश्रुत आहे. शिलालेख, ताम्रपट, दप्तरे आणि पत्रव्यवहार यांच्या जोडीला १८३९ नंतर छायाचित्र हे नवे साधन आले. राजेरजवाड्यांची दप्तरे होती. सामान्य कष्टकरी माणसाचे दप्तर नव्हते. त्याच्या घरात असलाच तर स्टुडिओत काढलेला एखादा फोटो, लग्नाचा एखादा समूह, शाळेच्या निरोप समारंभातील एखादी रांग. म्हणून अशा घरातील छायाचित्र हे केवळ आठवण नसून त्या घराचा दस्तऐवज असते.

आज परिस्थिती उलटी झाली आहे. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हजारो छायाचित्रे आहेत. परंतु फोन हरवला, बिघडला किंवा बदलला की ती जातात. जुनी छापील छायाचित्रे पेटीत सुरक्षित आहेत; परंतु ती कोणी पाहत नाही. जे पाहिले जाते ते टिकत नाही आणि जे टिकले आहे ते पाहिले जात नाही, अशी ही अवस्था आहे. घरातच एका ठिकाणी सर्व छायाचित्रे साठवून ती घरातील प्रत्येकाच्या मोबाईलवर स्लाइड शोच्या रूपाने पाहता येणे, हा यावरील एक चांगला उपाय आहे. तो कसा करावा आणि मुळात कशासाठी करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही केला आहे.

१. पूर्वपीठिका

एकामागून एक चित्रे पडद्यावर दाखविण्याची पद्धत मोबाईलबरोबर आलेली नाही. काचेवरील चित्र दिव्याच्या प्रकाशाने भिंतीवर पाडणारा ‘मॅजिक लँटर्न’ युरोपात १७ व्या शतकात तयार झाला. महाराष्ट्रात १९ व्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने असे खेळ केले. काचेवर रंगविलेली चित्रे आणि सोबत निवेदन, असे त्यांचे स्वरूप होते. पुढे ३५ मिलिमीटर फिल्मच्या रंगीत स्लाइड आल्या. कोडॅक कंपनीने १९६१ मध्ये गोल फिरत्या तबकाचा ‘कॅरोसेल’ प्रोजेक्टर बाजारात आणला आणि २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टरचे उत्पादन थांबविले.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती. अनेक माणसे एकत्र बसून चित्र पाहत आणि चित्राविषयी सांगणारा कोणीतरी तेथे असे. मोबाईलवर प्रत्येक जण एकटा, बोटाने भराभर चित्रे सरकवीत पाहतो. पाहणे वाढले, सांगणे मात्र उणावले. घरच्या संग्रहाचा स्लाइड शो करताना हे सांगणे पुन्हा कसे सुरू होईल, हा खरा प्रश्न आहे. त्याच्याकडे आपण लेखाच्या उत्तरार्धात वळू.

२. घरची साठवण म्हणजे काय ?

घरातील वाय-फाय राउटर म्हणजे केवळ इंटरनेट देणारी पेटी, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः राउटर घरातील सर्व उपकरणांना एकमेकांशी जोडतो. इंटरनेट बंद असले तरी हे घरगुती जाळे चालू राहते. या जाळ्याला एखादी हार्ड डिस्क जोडली, तर घरातील प्रत्येक मोबाईल, टॅबलेट वा संगणक तिच्यातील फाइल वाचू शकतो. यालाच नेटवर्कवरील साठवण म्हणतात. ती तीन प्रकारे करता येते.

पहिला प्रकार सर्वांत स्वस्त आहे. राउटरला यूएसबीची खाच असेल, तर तीत हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावावा. दुसरा प्रकार म्हणजे घरातील जुना संगणक वा लॅपटॉप चालू ठेवून त्यातील एक फोल्डर ‘शेअर’ करणे. तिसरा प्रकार म्हणजे याच कामासाठी बनविलेली पेटी. बाजारात तिला ‘नॅस’ म्हणतात. तिच्यात एक किंवा अधिक हार्ड डिस्क बसतात आणि ती सतत चालू राहण्यासाठीच तयार केलेली असते.

जागा किती लागते, हे साध्या हिशेबाने समजेल. मोबाईलवर काढलेले एक छायाचित्र सरासरी ४ मेगाबाइटचे धरले, तर १०,००० छायाचित्रांना ४० गीगाबाइट लागतात. एक टेराबाइटच्या डिस्कवर अशी सुमारे अडीच लाख छायाचित्रे मावतात. इंटरनेटवरील साठवणीशी याची तुलना करावी. गूगल फोटोजची अमर्याद विनामूल्य सोय १ जून २०२१ पासून बंद झाली आणि तेव्हापासून नवी छायाचित्रे ईमेलसह मिळणाऱ्या १५ गीगाबाइटच्या मर्यादेत मोजली जातात. इंटरनेटवरील साठवण वापरू नये, असे आमचे म्हणणे नाही. मात्र मूळ संग्रहाची किल्ली आपल्या हाती असावी.

३. मोबाईलपर्यंत पोहोचण्याचे मार्ग

पहिला मार्ग शेअर केलेल्या फोल्डरचा. यासाठी ‘एसएमबी’ नावाची पद्धत वापरली जाते. अँड्रॉइड फोनवरील अनेक फाइल मॅनेजर नेटवर्कवरील फोल्डर उघडतात. आयफोनच्या ‘फाइल्स’ अ‍ॅपमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून ही सोय आली. साठवणीचा पत्ता (उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०), वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड एकदा भरला की फोल्डर दिसू लागतात. मात्र चित्रे आपोआप पुढे सरकत राहावीत, असे वाटत असेल तर नेटवर्कवरील फोल्डर वाचणारे आणि स्लाइड शोची सोय असणारे अ‍ॅप निवडावे लागते. अ‍ॅप घेण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी त्यात आहेत का, हे तपासावे.

दुसरा मार्ग ‘डीएलएनए’ पद्धतीचा. २००३ मध्ये उपकरणे बनविणाऱ्या काही कंपन्यांनी एकत्र येऊन ती रूढ केली. ती स्थापणारी संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली. तरीही अनेक टीव्ही आणि राउटरमध्ये ती अद्याप आहे. यात पत्ता भरावा लागत नाही. टीव्ही किंवा अ‍ॅप स्वतःच साठवण शोधून काढते. घरातील मोठ्या पडद्यावर चित्रे दाखविण्यास हा मार्ग सोयीचा आहे.

तिसरा मार्ग छायाचित्रांसाठीच तयार केलेल्या सर्व्हर प्रणालीचा. सिनॉलॉजी कंपनीच्या पेट्यांवर ‘सिनॉलॉजी फोटोज’ आणि क्यूनॅपच्या पेट्यांवर ‘क्यूमॅगी’ असते. ‘इमिच’ आणि ‘फोटोप्रिझम’ या प्रणाली कोणालाही आपल्या संगणकावर चालविता येतात. त्या प्रत्येक छायाचित्राच्या लहान प्रती आधीच तयार करून ठेवतात, तारखेप्रमाणे मांडणी करतात आणि मोबाईलच्या ब्राउझरमधूनही संग्रह दाखवितात. आरंभीची मांडणी थोडी कष्टाची असली, तरी मोठ्या संग्रहासाठी हाच मार्ग उत्तम.

४. चित्र अडखळते ते का ?

स्लाइड शो लावला की पहिली दोन-चार चित्रे सुरळीत येतात आणि पुढे पडदा काळा राहतो, हा नेहमीचा अनुभव आहे. दोष फोनचा, असे समजून अनेक जण नाद सोडतात. कारण समजून घेतल्यास उपाय सोपा आहे.

४००० गुणिले ३००० बिंदूंचे छायाचित्र म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू. सर्वसाधारण मोबाईलचा पडदा १०८० गुणिले २४०० बिंदूंचा, म्हणजे सुमारे २६ लाख बिंदूंचा असतो. पडदा दाखवू शकतो त्याच्या साडेचार पटींहून अधिक माहिती आपण फोनकडे पाठवीत असतो. चार मेगाबाइटची फाइल म्हणजे ३२ मेगाबिट. राउटरजवळ प्रत्यक्षात २० मेगाबिट प्रतिसेकंद वेग मिळत असेल, तर ती दीड-पावणेदोन सेकंदांत येते. दोन भिंतींपलीकडे तोच वेग ५ मेगाबिटवर आला, तर सहा सेकंदांहून अधिक लागतात. स्लाइड शो दर पाच सेकंदांनी पुढे सरकणार असेल, तर चित्र मागे पडणारच. शिवाय आलेली फाइल उलगडून पडद्यावर मांडताना फोनच्या स्मृतीत ती सुमारे ४८ मेगाबाइट जागा व्यापते. जुन्या फोनला हे जड जाते.

उपाय असा : मूळ छायाचित्रे एका फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवावीत आणि दाखविण्यासाठी त्यांच्या लहान प्रती दुसऱ्या फोल्डरमध्ये कराव्यात. लांब बाजू २४०० बिंदूंची ठेवली तर पुरे. अशी प्रत साधारण अर्ध्या ते एक मेगाबाइटची होते. अर्ध्या मेगाबाइटची प्रत ५ मेगाबिटच्या मंद वेगातही एका सेकंदाच्या आत पोहोचते. अनेक छायाचित्रांच्या प्रती एकदम लहान करणाऱ्या विनामूल्य प्रणाली संगणकासाठी उपलब्ध आहेत. वर सांगितलेल्या सर्व्हर प्रणाली हे काम स्वतःच करतात.

५. नाव आणि तारीख

संग्रहाचा प्राण मांडणीत आहे. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग लिहावा. जसे २०१९-०४-१४ जयंती मिरवणूक. दिवस आधी लिहिला तर संगणक सर्व वर्षांच्या १४ तारखा एकत्र आणून ठेवतो; वर्ष आधी लिहिले की कालक्रम आपोआप लागतो. केवळ वर्ष माहीत असेल, तर १९७८-००-०० असे लिहावे. अंदाजाने तारीख ठोकून देऊ नये. खोटी तारीख ही तारीख नसण्यापेक्षा अधिक फसवी असते.

डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये ते केव्हा आणि कोणत्या कॅमेऱ्याने काढले, याची नोंद आपोआप होते. तारखेप्रमाणे मांडणी करणारी अ‍ॅप याच नोंदीवर विसंबतात. यातून दोन अडचणी उद्भवतात. छापील फोटो स्कॅन केला, तर फाइलमध्ये स्कॅन केल्याची तारीख पडते आणि आजीच्या लग्नाचा फोटो चालू वर्षात दिसू लागतो. ती तारीख हाताने दुरुस्त करावी लागते. दुसरी अडचण व्हॉट्सअ‍ॅपची. त्यावरून नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले छायाचित्र लहान होते आणि त्यातील मूळ नोंदी गळून पडतात. संग्रहासाठी छायाचित्र मागविताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविण्यास सांगावे.

जुने छापील फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआय ठेवावे. सहा गुणिले चार इंचांच्या फोटोचे त्यातून ३६०० गुणिले २४०० बिंदू मिळतात. फोटोची मागची बाजूही अवश्य स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, कोणाला भेट दिला त्याचे नाव हे सर्व मागेच असते. इतिहासाच्या अभ्यासकाला कित्येकदा पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू अधिक बोलकी वाटते.

६. नेहमीचे अडथळे

फोनला साठवण दिसतच नाही, ही सर्वांत सामान्य तक्रार. प्रथम फोन घरच्या वाय-फायवर आहे की मोबाईल डेटावर, हे पाहावे. पाहुण्यांसाठी असलेल्या ‘गेस्ट’ वाय-फायवर फोन जोडलेला असेल, तरी साठवण दिसणार नाही. कारण ते जाळे घरातील उपकरणांपासून मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक अ‍ॅपला स्थानिक नेटवर्क वापरण्याची परवानगी द्यावी लागते; ती नाकारली गेली असल्यास सेटिंग्जमधून पुन्हा देता येते. काल दिसणारी साठवण आज दिसत नसेल, तर राउटरने तिला नवा पत्ता दिलेला असू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये तिच्यासाठी एक पत्ता राखून ठेवावा.

काही चित्रे उघडतात आणि काही उघडत नाहीत, याचे कारण बहुधा फाइलचा प्रकार. २०१७ पासून आयफोन ‘एचईआयसी’ या प्रकारात छायाचित्रे साठवितो. जुने टीव्ही आणि फोन तो ओळखत नाहीत. दाखविण्याच्या प्रती नेहमीच्या जेपीईजी प्रकारात केल्या की प्रश्न मिटतो. पडदा मध्येच मालवत असेल, तर अ‍ॅपमधील ‘पडदा चालू ठेवा’ ही सोय सुरू करावी आणि त्या अ‍ॅपला बॅटरी बचतीतून वगळावे. जुना फोन भिंतीवर लावून त्याची फोटोफ्रेम करण्याची कल्पना चांगली आहे. मात्र रात्रंदिवस चार्जरवर राहिल्याने बॅटरी फुगू शकते. ठराविक वेळ चालवावा आणि मागची बाजू अधूनमधून पाहावी.

७. सुरक्षितता आणि संमती

पाहणाऱ्यांना केवळ पाहण्याचाच अधिकार असावा. घरातील लहान मुलाच्या एका बोटाने आजोबांचे छायाचित्र पुसले जाऊ नये. यासाठी पाहण्याचे वेगळे खाते करावे. भर घालणे आणि पुसणे यांचा अधिकार एक-दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा. एसएमबीची पहिली, जुनी आवृत्ती बंद ठेवावी. २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने तिच्यातील उणिवेचाच फायदा घेतला होता. घरची साठवण इंटरनेटवर थेट उघडी करू नये. २०२१ मधील ‘क्यूलॉकर’ आणि २०२२ मधील ‘डेडबोल्ट’ यांनी अशाच उघड्या पेट्यांतील फाइल कुलूपबंद करून पैसे मागितले होते. बाहेरगावाहून पाहावयाचे झाल्यास व्हीपीएनचा सुरक्षित मार्ग वापरावा आणि तो जाणकाराकडून लावून घ्यावा.

एकच डिस्क म्हणजे संग्रह नव्हे. पेटीत दोन डिस्क असल्या आणि दोहोंवर तेच लिहिले जात असले, तरी चुकून पुसलेले छायाचित्र दोन्हीकडून पुसले जाते. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने लोकप्रिय केला. तिसरी प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीच्या घरी ठेवली, तरी नियम पाळला गेला.

निवासी शाळेच्या छायाचित्रांबाबत संमतीचा प्रश्न येतो. छायाचित्रातील मूल आज पन्नाशीचा गृहस्थ असेल किंवा आजही वसतिगृहात शिकत असेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घातले आहे. कायद्यापलीकडेही एक सभ्यता आहे. कोणाच्या दारिद्र्याचे, आजाराचे वा शिक्षेचे दृश्य त्याच्या संमतीवाचून पडद्यावर फिरू नये.

८. स्लाइड शो कशासाठी ?

येथवरचा तपशील तंत्राचा होता. आता त्याचा हेतू. छायाचित्रातील माणसांना ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. डिस्क बिघडली तर दुसरी प्रत असते. पण ‘मागच्या रांगेत डावीकडून तिसरी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर एकाच वृद्धेच्या स्मरणात असेल, तर त्याची दुसरी प्रत कोठेही नाही. ते नाव गेले की छायाचित्र राहते. पण ते कोणाचेही नसते.

घरच्या संग्रहाचा स्लाइड शो हे नाव वाचविण्याचे साधन होऊ शकते. वडीलधाऱ्यांपुढे मोठ्या पडद्याचा टॅबलेट ठेवावा. चित्रे कालक्रमाने लावावीत आणि प्रत्येकासाठी किमान १५ ते २० सेकंद द्यावेत. सरमिसळ क्रम भिंतीवरील फ्रेमला शोभतो. स्मरणाला मात्र क्रम हवा असतो, कारण एका चित्राने दुसऱ्याची आठवण जागी होते. बोलणे सुरू झाले की स्लाइड शो थांबवावा. ‘ही तुमची बहीणच ना ?’ असे उत्तर सुचविणारे प्रश्न विचारू नयेत, ‘ही कोण?’ एवढेच विचारावे. दुसऱ्या फोनवर त्यांच्या परवानगीने आवाज मुद्रित करावा.

मिळालेली माहिती त्याच दिवशी लिहावी. नोंदीत चार गोष्टी असाव्यात : छायाचित्राचा क्रमांक, डावीकडून उजवीकडे नावे, माहिती सांगणाऱ्याचे नाव आणि सांगितल्याची तारीख. दोघांनी दोन नावे सांगितली, तर दोन्ही लिहावीत. निर्णय पुढील पुराव्यावर सोडावा. स्त्रियांची नावे लिहिताना विशेष काळजी घ्यावी. ‘अमक्याची पत्नी’ एवढ्यावर न थांबता तिचे स्वतःचे नाव आणि माहेरचे आडनावही विचारावे. जुन्या समूहचित्रांत सर्वाधिक अनामिक राहतात त्या स्त्रियाच.

वाचकांसाठी कृती

१. घरातील सर्वांत जुनी दहा छापील छायाचित्रे शोधून दोन्ही बाजूंनी स्कॅन करा.

२. राउटरला यूएसबीची खाच आहे का, ते पाहा. नसल्यास जुन्या संगणकावर एक फोल्डर शेअर करा.

३. ‘मूळ’ आणि ‘पाहण्यासाठी’ असे दोन फोल्डर करा. दुसऱ्यात २४०० बिंदूंच्या प्रती ठेवा.

४. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीसमवेत अर्धा तास स्लाइड शो पाहा आणि नावे लिहून घ्या.

५. शाळेतील आपल्या तुकडीचे समूहचित्र असल्यास त्यातील आठवतील तेवढी नावे लिहून काढा आणि उरलेल्यांसाठी वर्गमित्रांना विचारा.

६. सर्व संग्रहाची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहा.

समारोप

मोबाईलवर घरची छायाचित्रे दाखविण्याचे तंत्र अवघड नाही. एक हार्ड डिस्क, एक राउटर, योग्य अ‍ॅप आणि लहान प्रती एवढ्यावर ते उभे राहते. उद्या अ‍ॅप बदलतील आणि साठवणीच्या पेट्याही बदलतील. नीट तारखेने लावलेले फोल्डर आणि नावांची वही मात्र कोणत्याही नव्या यंत्रावर नेता येईल. म्हणून खर्च थोडा कमी झाला तरी चालेल. नोंदी अपुऱ्या राहू नयेत.

माजी विद्यार्थी आणि पालक बंधू-भगिनींना आमची विनंती एवढीच आहे की, हे काम सवडीवर टाकू नये. यंत्र पुढच्या वर्षीही विकत मिळेल. नाव सांगणारी व्यक्ती पुढच्या वर्षी असेलच, असे नाही. येत्या सुटीत मुले घरी येतील, तेव्हा आजी-आजोबांना मध्ये बसवावे, पडदा त्यांच्यासमोर धरावा आणि वहीचे पहिले पान मुलांच्या हस्ताक्षरात लिहिले जावे.